किस्मेट, जुना लॅपटॉप आणि टपावरचं जीपीएस: बेळगाव-खानापूर पट्ट्यातला अनुभव

दिवाळीपासून हा संच माझ्या गाडीत आहे. लिनक्स टाकलेला जुना लॅपटॉप, त्यावर किस्मेट हे आसपासची वाय-फाय नेटवर्क ऐकून नोंदवणारं सॉफ्टवेअर, अल्फाचं एआर-९२७१ चिपचं यूएसबी वाय-फाय अडॅप्टर आणि टपावर चुंबकाने चिकटणारं यू-ब्लॉक्सचं जीपीएस. माझा धंदा घरोघरी नेट जोडून देण्याचा. कुठल्या गल्लीत वाय-फायचं कुठलं चॅनल (राउटर ज्या लहरींच्या पट्ट्यावर बोलतो तो) तुंबलंय, कुठल्या गावापर्यंत राउटर पोचलेत, हे मला नकाशावर बघायचं होतं. त्या कामाला हा संच उत्तम आहे, आणि अजून कुणी आपल्या भागात हे करणार असेल तर मला मनापासून आनंद होईल.

फोनवर वाय-फाय नेटवर्क नकाशावर नोंदवणारं विगलचं ॲप आहे, मग एवढा पसारा कशाला, असं भावोजींनी पहिल्याच दिवशी विचारलं. कारण साधं आहे. अँड्रॉइड ९ पासून उघड्या ॲपलाही दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात. ताशी ४० च्या वेगाने दोन स्कॅनच्या मधे तीनशेहून जास्त मीटर रस्ता निघून जातो. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर सेटिंगमधून ही मर्यादा काढता येते, पण फोनचा अँटेना फोनच्याच पोटात असतो. किस्मेटचं तसं नाही. ते स्वतः काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतं. राउटर साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी आपली हाक हवेत सोडतो, ती पकडून जीपीएसच्या जागेसकट नोंदवतं. नाव लपवलेलं नेटवर्कही नोंदीत येतं, फक्त नावाची जागा रिकामी राहते.

वेग मात्र सांभाळा. अडॅप्टर एका वेळी एकच चॅनल ऐकतं आणि किस्मेट सेकंदाला पाच चॅनल बदलतं. १३ चॅनलची एक फेरी म्हणजे अडीच सेकंदांहून थोडं जास्त. ताशी ६० ने तेवढ्यात गाडी ४३ मीटर पुढे जाते. महामार्गावर काकती ते संकेश्वर म्हणूनच फार विरळ दिसतं. घाई असेल तर मी १, ६, ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनल एवढेच ठेवतो, पण मग मधल्या चॅनलवरचे राउटर निसटू शकतात. गाडी धाकटा भाऊ चालवतो, स्क्रीन मी बघतो. एकट्याने दोन्ही करू नका.

खरा फायदा शहरात झाला. गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर, वडगाव इथे भिंतीला भिंत लागून घरं. नकाशावर दिसलं की बरेच राउटर ३, ४, ८ अशा अधल्यामधल्या चॅनलवर बसलेत आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना त्रास देतात. माझ्या गिऱ्हाइकांचे राउटर मी १, ६ किंवा ११ वर नेले, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली. वडगावात एका घरी मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकायचा, तो त्याच दिवशी सुरळीत झाला. वेग वाढवून घ्या म्हणून जादा पैसे भरायला लावण्याआधी हे बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

नकाशावरचा ठिपका म्हणजे राउटरची नेमकी जागा नव्हे. गाडी रस्त्यावरच असते, म्हणून ठिपकेही रस्त्याकडे ओढले जातात. मागच्या गल्लीतूनही फेरी मारली तर जागा बरीच सुधारते. फोनचे हॉटस्पॉट वेगळी डोकेदुखी. नोंदीतल्या मॅक ॲड्रेसमधलं, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्यातलं, दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नव्हे, उपकरणाने बनवलेला पत्ता असतो. बहुतेकदा हॉटस्पॉटच, पण काही राउटरचं पाहुण्यांसाठीचं नेटवर्कही तसंच दिसतं, त्यामुळे सरसकट उडवू नका. देवनागरीत ठेवलेली नावंही दिसतात. नावाला ३२ बाइटची मर्यादा आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून ती दहा चिन्हांत आटपावी लागतात.

खानापूरच्या पुढे चित्र पालटतं. जांबोटीत वस्तीपुरते ठिपके, मग कणकुंबीपर्यंत रान. बाचीहून शिनोळीत जाताना राज्य बदलतं, नकाशावर ते कळत नाही. येळ्ळूरला एका काकांनी गाडी थांबवून विचारलं, "टॉवर बसवायलाय काय हो?" त्यांना स्क्रीन दाखवली. लोकांना समजावून सांगा, लपवाछपवी नको.

किस्मेट वॉरड्राइव्ह मोडमध्येच, म्हणजे गाडीतून फिरत नेटवर्क नोंदवण्यासाठीच्या मोडमध्ये, चालवा. त्यात फक्त राउटरच्या नोंदी राहतात, कुणाचा डेटा साठत नाही. २०१० मध्ये गूगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांवर टीका झाली ती असाच डेटा साठवल्यामुळे. कुणाच्या नेटवर्कला जोडून बघणं तर मुळीच नको. कॅम्प म्हणजे लष्करी छावणी आणि सांबऱ्याच्या हवाई दलाच्या तळाच्या बाजूला मी सगळं बंद ठेवतो. उघडी नेटवर्क दिसली तर ओळखीच्या दुकानदारांना जाऊन सांगतो. २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून गेला होता, हे सांगितलं की पासवर्ड लगेच बसतो.

एक मोठी उणीव आहे. हे अडॅप्टर वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकतं, त्यामुळे नव्या राउटरची ५ गिगाहर्ट्झची बाजू मला दिसतच नाही. त्यासाठी मीडियाटेक ७६१२ चिपचं अडॅप्टर बघतोय, लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच असतो. किस्मेट दोन्ही अडॅप्टर एकाच वेळी चालवतं. जुन्या लॅपटॉपच्या पोर्टवर दोघांचा भार नको म्हणून वेगळी वीज घेणारा यूएसबी हब मात्र आधी घ्यावा लागेल.