चुंबक चिकटला नाही म्हणून 304 स्टेनलेस समजलो आणि फसलो

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या हर्णैच्या परसातला फणस आडवा झाला. त्याच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांचं पुस्तकांचं कपाट मी स्वतः बनवलं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी येतेच, म्हणून पाठ आणि दोन्ही बाजू काढता-घालता येतील अशा केल्या.

अशा कामाला साधे स्क्रू चालत नाहीत. लाकडात स्क्रू चार-पाचदा काढला-घातला की भोक ढिलं होतं. त्यापेक्षा लाकडात पितळेचे इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या, बसवायचे आणि त्यांत 6 एमएमचे अ‍ॅलन (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बोल्ट आवळायचे. दोन्ही 24-24 नग लागणार होते. खाऱ्या वाऱ्यात प्लेटिंगचा (मुलामा दिलेला लोखंडी) बोल्ट टिकत नाही, त्यामुळे 304 ग्रेडचं स्टेनलेसच हवं, असं बाहेरगावच्या एका दुकानदाराला मी दोनदा बजावलं.

त्याने मूठभर बोल्ट काउंटरवर पसरले आणि त्यांच्यावरून चुंबक फिरवला. एकही हलला नाही. "बघा दादा, प्युअर 304. लोखंड असतं तर उडी मारून चिकटलं असतं." इन्सर्टवरूनही फिरवला. "हे अस्सल पितळ." माझी खात्री पटली. साध्या बोल्टच्या दुप्पट पैसे दिले. हातात कच्ची चिठ्ठी आली, तिच्यावर 'एसएस बोल्ट 24, इन्सर्ट 24' एवढंच.

दसऱ्यानंतर फळ्या काढायला बसलो तर बोल्टच्या खाचांत तांबूस पूड आणि खाली फणसाच्या पिवळ्या लाकडावर तपकिरी ओघळ. चौथ्या बोल्टला किल्ली लावली, तर बोल्ट सुटेना, इन्सर्टच लाकडात गरगर फिरायला लागला. पाचवा इन्सर्ट तुटलाच. तुकडा उजेडात धरला: वरून सोनेरी, आतून राखाडी. जस्ताच्या ओतकामावर नुसता मुलामा होता. पाठीची फळी शेवटी करवतीने कापून काढली. मागच्या रांगेत वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वह्या होत्या. त्यांतली काही पानं एकमेकांपासून सुटलीच नाहीत.

ओळखीच्या भंगारवाल्याकडे स्टेनलेस तपासायचं औषध असतं. बोल्टवर थेंब टाकून छोट्या बॅटरीची तार टेकवली आणि थेंब लाल झाला. म्हणजे 200 च्या जातीचं स्टील. बाजारात 202 म्हणून मिळतं ते हेच. 304 मध्ये निकेल 8 टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं. 202 मध्ये ते 4 ते 6 टक्के, बाकीची कसर स्वस्त मँगनीजने भरून काढतात. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. उलट बोल्टचं डोकं थंड ठोकून घडवतात, त्यामुळे खऱ्या 304 ला चुंबक किंचित ओढूही शकतो. आणि जस्ताला चुंबक कधीच चिकटत नाही, मग ते पितळ आहे की नाही हे चुंबकाने कसं कळणार? म्हणजे माझ्यासमोर केलेल्या त्या परीक्षेत काहीच सिद्ध झालं नव्हतं.

परत गेलो तेव्हा त्याने चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "304 कुठे लिहिलंय दाखवा." लिहिलेलं नव्हतं. अशा चिठ्ठीवर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तरी काय सांगणार?

तुम्ही घेणार असाल तर 6 एमएमच्या बोल्टचं डोकं आधी वाचा. 304 च्या जातीवर 'ए2-70' असा शिक्का असतो, 316 वर 'ए4'. खिडकीतून समुद्र दिसत असेल तर पैसे जास्त गेले तरी 316 घ्या, त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे ते मिठापुढे जास्त टिकतं. इन्सर्टवर कानस मारून बघा. पितळ आतपर्यंत पिवळं निघतं. दुकानदार कानस मारू देत नसेल तर एक नग विकत घ्या आणि बाहेर येऊन घासा. आणि पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, ओळखीचा असला तरी.

मी आता ए4 शिक्क्याचे बोल्ट आणलेत. पाठीची नवी फळी मात्र अजून व्हायची आहे. त्या फणसाचं लाकूड संपलं.