५५ इंची टीव्ही आणि साउंडबार: टॉकीजची सर येते का?

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, हॉलमध्ये हा संच आता सर्रास दिसतो. नीट लावला तर चित्र समाधान देतं. आवाजात मात्र टॉकीजची सर नाही.

चित्राचं आधी. ५५ इंची पडद्याची रुंदी जेमतेम ४ फूट. सोफा समोरच्या भिंतीला, १०-१२ फुटांवर असेल तर फोरकेचे, म्हणजे जास्त बारकावे दाखवणाऱ्या चित्राचे, पैसे वाया गेले. साडेपाच ते साडेसात फुटांवर बसा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसडतो आणि भव्य प्रसंगही मालिकेसारखा दिसतो, म्हणून ‘फिल्ममेकर मोड’ लावा किंवा मोशन स्मूदिंग बंद करा. नेटफ्लिक्सच्या स्टँडर्ड प्लॅनमध्ये १०८०पी, म्हणजे फोरकेपेक्षा कमी बारकाव्यांचं चित्रच मिळतं, फोरकेला प्रीमियम लागतो.

खरी तक्रार संवादांची. बोलणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर मारामारी सुरू झाली की शेजारी दार वाजवतात. ५.१ मिक्समध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून केलेल्या आवाजात) संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात आणि स्वस्तातल्या २.१ साउंडबारला मधला स्पीकरच नसतो. निदान मधला स्पीकर असलेला ३.१ घ्या. वायर एचडीएमआयची, ती टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटलाच लावा; ऑप्टिकल वायरीतून डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे ओटीटीवरचा अनेक चॅनेलचा आवाज, जात नाही. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ‘एव्ही सिंक’ थोडं थोडं बदलून पाहा. एवढं करूनही घुमत असेल तर दोष उघड्या फरशीचा आणि मोकळ्या भिंतींचा. खाली सतरंजी टाका, खिडकीवर जाड सोलापुरी चादर दुहेरी करून लावा. घुमणं कमी होतं आणि दुपारचं ऊन पडद्यावर चमकत नाही, हा आणखी फायदा.

टॉकीजमध्ये डिजिटल प्रिंटचा डेटा सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जातो. ओटीटीचं फोरके साधारण १५ मेगाबिटवर चालतं. म्हणून अंधारातले प्रसंग, धूळ, पाऊस टॉकीजमध्ये फुटत नाहीत. अट एकच, प्रोजेक्टरचा दिवा थकलेला नको. थ्रीडीत चष्म्यामुळे उजेड आणखी घटतो, तेव्हा टूडी खेळच बरा. सीट मधोमध, मागच्या तिसऱ्या हिश्श्यात घ्या. कडेला बसलात तर भिंतीवरचा एकच स्पीकर कानात ओरडतो.

आपल्याकडे सोलापुरात तेलुगू सिनेमे मूळ भाषेतही लागतात. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक प्रेक्षकांसोबत ते टॉकीजमध्येच पाहावेत. तेलुगू येत नसेल तर सबटायटल आहेत का, हे तिकीट काढण्याआधी खिडकीवर विचारून घ्या.