नवी म्हणून जुनीच दुनळी बंदूक गळ्यात मारली

एकूण 1,65,000 रुपये. ऑर्डर देताना 60,000, दस्त्याचा फोटो पाठवून आणखी 70,000, आणि ताबा देताना 35,000 रोख. या रोखीची पावतीच नाही.

खानापूर, निपाणीकडे शेतराखणीच्या परवान्यावर बारा बोअर घेणारे अजून आहेत, त्यांनी हे वाचावं. दुकान सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं, रीतसर परवान्याचं. ‘लाकूड वाळतंय’, ‘कारागीर गावी गेलाय’ ही रड नेहमीचीच. ती सोडा. बंदुकीतली लबाडी लोखंडात असते आणि गिऱ्हाईक बघत बसतं लाकूड, त्यावर यांचं दुकान चालतं.

मापं झकास घेतली. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत 14¼ इंच, टाचेचा उतार 2¼ इंच, उजव्या खांद्यासाठी दस्ता किंचित बाहेर. अक्रोडाचा नवा दस्ता, नळ्यांना नवं काळं-निळं पॉलिश. आत मात्र 65 मिलिमीटर चेंबरची (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा) कुठली तरी जुनी बंदूक, आणि बिलावर 70! 70 चं काडतूस 65 मध्ये सहज जातं, म्हणून शंका येत नाही. पण 70 हे उडालेल्या काडतुसाचं माप. बार होताना काडतुसाचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. जुन्या, आतून घासून पातळ झालेल्या नळीत हा खेळ कुणाच्या बोटांवर बेतेल सांगता येत नाही.

ताबा घेताना नळ्यांखालचं लाकूड काढायला हात घातला, तर ‘आत्ताच तेल मारलंय, राहू द्या की’. तिथंच कळायला हवं होतं, तिथंच! नळ्या, ॲक्शन (नळ्या जिथं बसतात तो चाप-घोड्याचा सांगाडा) आणि त्या लाकडातलं लोखंड, तिन्हींवर एकच नंबर लागतो. इथं नळ्यांवरचा शेवटचा आकडा घासून पुन्हा ठोकलेला, आणि नळ्यांच्या बुडाशी चपट्या भागावर प्रूफचे, म्हणजे नळी दाब सोसते हे तपासल्याचे, शिक्के पॉलिशनं पुसट. पण दुकानाचं बिल आहे, परवान्यावर नोंद आहे, मग माणसानं आणखी किती संशय घ्यायचा?

नळ्या सुट्या करून हुकाला टांगा, लाकडी दांड्यानं हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद हवा. भद्द वाजली तर दोन नळ्या जोडणारी मधली पट्टी सुटलेली.

आता पोलीस. इकडे म्हणतात, दुकान महाराष्ट्रात, हद्द आमची नाही. तिकडे म्हणतात, परवाना कर्नाटकचा, तिकडेच जा. मग ‘हा दिवाणी वाद आहे’. मग ‘कन्नडमध्ये लिहून आणा’. परवाना शाखेत तर सांगितलं, नंबर जुळत नाही तर बंदूक तुमच्याकडे आली कशी? शस्त्र कायद्याच्या कलम 8 प्रमाणे खोडलेल्या नंबराची बंदूक ज्याच्या ताब्यात, त्यानंच नंबर खोडला असं धरलं जातं. नाही हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे पैसे आमचे गेले आणि आरोपीही आम्हीच! विकणाऱ्याचं दप्तर तपासायला मात्र कुणाला वेळ नाही.

हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला माहिती नोंदवावी लागते. नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवा, पोच जपून ठेवा. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षं. रोख देऊ नका. बिलावर ‘नवी’ हा शब्द, चेंबरचं माप आणि तिन्ही नंबर लिहून घ्या. आणि नंबरात खोट दिसली तर ती बंदूक घरात ठेवू नका. लेखी अर्जासह ठाण्यात जमा करा आणि पावतीवर नळ्यांचा नंबर वेगळा लिहून मागा.