थाई स्वयंपाकासाठी ताजे काय आणावे, आणि घरातल्या कशावर भागवावे?

घरी थाई करी किंवा सूप करायचे ठरवले की पाककृतीतील पाने, कंद आणि दांडे पाहून प्रश्न पडतो : यांतले नेमके कशासाठी हिंडावे? माझे मत असे की गलांगल आणि मकरूट लिंबाची पाने यांसाठी वेळ आणि पैसा अवश्य खर्च करावा; गवती चहा आणि कोथिंबिरीची मुळे यांसाठी मात्र वेगळी खटपट नको.

गलांगल आणि आले एकाच कुळातले असले, तरी स्वभावाने फार वेगळे आहेत. गलांगलाची साल फिकट आणि गुळगुळीत, कोंब गुलाबीसर, आणि गर इतका घट्ट की सुरी जोर लावूनच चालवावी लागते. आल्याचा तिखटपणा उबदार असतो, तर गलांगलाचा वास कापूर आणि लिंबू यांच्या मधला, थंडसर वाटतो. थाई भाषेत या कंदाला ‘खा’ म्हणतात आणि ‘तोम खा’ या नारळाच्या दुधातल्या सुपाचे नावच त्यावरून आले आहे. त्यात आले घातले तर सूप रुचकर होईल, पण ते तोम खा राहणार नाही. वाळलेले गलांगल भिजवून करीच्या वाटणात खपते, सुपासाठी ताजेच हवे. चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर एकदा आणलेला कंद बरेच दिवस पुरतो.

मकरूटचे पान दोन पाने टोकाला टोक लावून जोडल्यासारखे दिसते; दुकानात ते अनेकदा ‘काफिर लाइम’ या जुन्या नावाने मिळते. त्याऐवजी लिंबाचा रस पिळणे ही नेहमीची चूक आहे, कारण रस आंबटपणा देतो आणि पान सुगंध देते. लिंबाची किसलेली साल थोडीफार जवळ जाते, पण फिकी पडते. ही पानेही फ्रीझरमध्ये चांगली टिकतात.

गवती चहा आपण चहात घालतो तो पातीसाठी, तर थाई स्वयंपाकात मुळाकडचा पांढरट दांडा वापरतात आणि पात बहुधा टाकून देतात. चहासाठी मिळणाऱ्या जुडीत पुष्कळदा नुसती पातच असते, म्हणून कुंडीतल्या रोपाचा दांडा बुडापासून काढावा, बाहेरचे पापुद्रे सोलावेत आणि दांडा ठेचून घालावा. कोथिंबिरीचे उलट आहे : मंडईतली जुडी मुळांसकट मिळते आणि आपण मुळे कापून टाकतो, तर थाई स्वयंपाकात तीच मुळे लसूण आणि मिऱ्यांसोबत खलात कुटून कित्येक पदार्थांचे मूळ वाटण तयार होते. माती निघेपर्यंत घासून धुतली की कामाला लागतात.

तुळशीवर्गात सर्वाधिक गोंधळ होतो. ‘फाट कफ्राव’ या झणझणीत परतलेल्या मांसाच्या पदार्थात कफ्राव लागते; ती आपल्या तुळशीच्याच जातीची असून तिला लवंग-मिऱ्यांसारखा वास असतो. अंगणातली तुळस चालते, पण अनेकदा ती अधिक उग्र असल्याने बेताने घालावी. वृंदावनातली पाने शिजवणे मनाला पटत नसेल, तर वेगळी कुंडी लावावी. हिरव्या करीत होरापा लागते : जांभळट देठ, चकचकीत पान, बडीशेपेसारखा गोडसर वास. होरापा नसेल तर इटालियन बेसिल करीत चालून जाते, पण फाट कफ्रावमध्ये त्याने पदार्थाचा मुद्दाच हरवतो. तिसरी, लिंबाच्या वासाची मेंगलक, ‘केंग लियांग’ या भाज्यांच्या सुपात पडते. पहिल्या खरेदीत ती नसली तरी अडत नाही.

या तिन्ही तुळशी शेवटी, गॅस बंद करताना घालाव्यात, आणि वाळवलेल्या मुळीच घेऊ नयेत. फ्रिजमध्ये त्यांची पाने काळी पडतात. देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून ओट्यावर ठेवले तर दोन-तीन दिवस ताजी राहतात.