‘ऑटो साइझिंग’च्या नावाखाली माझे 44,840 रुपये लुबाडले

डीबी (वीज वाटपाचा बोर्ड) डिझाइनचं, ब्रेकरचा आकार आपोआप ठरवणारं (‘ऑटो साइझिंग’) सॉफ्टवेअर ‘लाइफटाइम लायसन्स’वर स्वस्तात देतो, असा फोन आला तर आधी हे वाचा. 38,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 44,840 रुपये मी यूपीआयने भरले. हाती जे आलं ते फक्त लोडचा करंट बघतं आणि वरच्या रेटिंगचा एमसीबी (जादा करंट आला की सप्लाय तोडणारा छोटा ब्रेकर) दाखवतं. 26 अँपिअरला 32, 35 ला 40. एवढं आमचा वायरमनही तोंडी सांगतो.

डेमोतला तो क्षण डोक्यातून जात नाही. 26 अँपिअरचा लोड, 6 स्क्वेअर एमएम कॉपर, 32 चा एमसीबी. मी केबल 2.5 करायला लावली. एमसीबी 32 च राहिला, शेजारी हिरवी खूण! पाइपातली 2.5 ची पीव्हीसी वायर 32 अँपिअर सोसत नाही. ब्रेकर लोडपेक्षा मोठा हवा, पण केबलच्या क्षमतेच्या आत हवा. तिथे लाल खूणच यायला हवी होती. मी विचारलंसुद्धा. विकणारा म्हणाला, “साहेब, केबल चेक डेमोत लॉक असतं, लायसन्स टाकलं की उघडतं.” चांगल्या सॉफ्टवेअरच्या डेमोतही अशी कुलपं असतात, म्हणून पटलं. टेंडरची तारीख तोंडावर आलेली, आणि मोठ्या पॅकेजचे पैसे लहान कंत्राटदाराला झेपत नाहीत. घरबसल्या नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पैसे देण्याआधी बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. माझ्या बिलावर पत्ता पुण्याचा आणि नंबर 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा 27 असतो.

खरा घोळ जळगावच्या एका गोदामाच्या कामात झाला. ट्रान्सफॉर्मर 500 केव्हीए, 433 व्होल्ट, इम्पिडन्स (आतला अडथळा) 4.5 टक्के. फुल लोड करंट 667 अँपिअर, त्याला 0.045 ने भागलं की फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यास वाहू शकणारा करंट, 14.8 केए (किलोअँपिअर). सॉफ्टवेअरने मेन पॅनलच्या आउटगोइंगला (तिथून निघणाऱ्या लाइनींना) 10 केए ब्रेकिंग कपॅसिटीचे, म्हणजे तेवढाच फॉल्ट करंट तोडू शकणारे, एमसीसीबी (मोठे ब्रेकर) दिले! उष्णतेत केबल-ब्रेकरची क्षमता घटते, पण इथे तापमान 30 अंशांवर खिळलेलं, बदलताच येत नाही. जळगावात मे महिन्यात पारा 45 वर जातो. क्लायंटच्या कन्सल्टंटने चार्जिंगआधी (सप्लाय सोडण्याआधी) हे पकडलं, नाहीतर फॉल्टच्या वेळी ब्रेकर फुटला असता आणि समोर माझा माणूस उभा असता. एमसीसीबी बदलायला 61,300 गेले. एकूण 1,06,140 रुपये.

आणि तक्रार? ठाण्यात सांगतात, “हा तुमचा आपसातला व्यवहार, दिवाणीत जा.” सायबर शाखेत विचारतात, “सॉफ्टवेअर चालू होतंय ना? मग फसवणूक कसली?” ब्रेकिंग कपॅसिटी म्हणजे काय हे ऐकून घ्यायलाही कुणी तयार नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. करखात्याचा माणूस म्हणतो, नंबर दुसऱ्या राज्याचा, तिकडे लिहा. एक वकील तर म्हणाले, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धवट आहे. पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात बसते. अर्ज त्याच मुद्द्यावर करा. पैसे गेल्याचं कळताच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

डेमोत केबलची लांबी 20 मीटरवरून 200 करून बघा. शॉर्टसर्किट करंट घटला नाही तर तिथेच उठा.

याच सॉफ्टवेअरवर कुणी पॅनल बसवले असतील तर पैशांचं नंतर बघा. आधी प्रत्येक ब्रेकरवरचा केए आकडा तिथल्या फॉल्ट लेव्हलशी ताडा. कमी निघाला तर सप्लाय बंद करून तो बदला.