गुलमंडीकडं रग्बीचा बॉल मिळतो, अन् बरा मिळतो

आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ४ स्टार. एक स्टार जर्सीपायी कापलाय, ते पुढं येईलच. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण खाली थोडं वाईट पण लिहिणारे अन् दुकानवाल्या काकांकडं आपलं येणंजाणं आहे. संभाजीनगरात पैठण गेटकडून गुलमंडीकडं चालत निघा, मधल्या एका गल्लीत दारावर कॅरम बोर्ड अन् व्हॉलीबॉलची जाळी टांगलेली दिसेल, तेच.

आम्ही जालन्याचे. होय, जालन्यात रग्बी, हसून घ्या. दर रविवारी सकाळी खेळतो अन् गेल्या वर्षी आजूबाजूच्या गावांतल्या पोरांना धरून ८ टीमची घरगुती लीग सुरू केली, ४ टीम अ गटात ४ ब गटात, अ गटातला शेवटचा खाली जाणार अन् ब गटातला पहिला वर येणार. ही कल्पना मावसभावाची. तो नॉटिंगहॅमला नोकरीला आहे, तिथं एका क्लबच्या तिसऱ्या टीममधून खेळतो, तिसरी म्हणजे ज्यात पोट सुटलेले चाळिशीवाले अन् कालपरवा शिकायला लागलेली पोरं एकत्र असतात ती. तो सांगतो तिथं सगळी लीग शिडीसारखी आहे, नॅशनलच्या खाली रीजनल, रीजनलच्या खाली काउंटी १, काउंटी २ असं उतरत जातं, दर सीझनला वरचे चढतात तळाचे उतरतात. ही शिडी तिथं १९८७ साली आली, त्याच्या आधी बहुतेक मैत्रीच्या मॅचेस अन् थोडेफार कप एवढंच होतं. अन् खालच्या पायऱ्यांवर पैसे मिळणं लांबच, वर्गणी पण स्वतःच भरायची अन् मॅचच्या दिवशी वेगळे पैसे द्यायचे. हे ऐकून आमच्या पोरांना लई बरं वाटलं, कारण आपलं पण तेच चाललेलं.

तर बॉल. जालन्यात फिरून झालं, कुठंच नाही. ऑनलाइन मागवला तर मुलांच्या खेळण्यातला आला, दोन किकमध्ये शिवण उसवली. मग या दुकानात गेलो. काकांना म्हणलं रग्बीचा बॉल पाहिजे, त्यांनी आधी हँडबॉल काढला, मग वरच्या फळीवरून धूळ झटकत एक तपकिरी लांबुळका बॉल दिला, वर पांढरी लेस. म्हणलं काका हा अमेरिकन फुटबॉलचा, ह्याची टोकं निमुळती असतात, आमचा जरा गुबगुबीत असतो अन् लेस नसते. दुसरा कुणी असता तर "एकच असतंय ओ" म्हणून गळ्यात मारला असता. काकांनी तो परत वर ठेवला, मोबाईलवर फोटो बघितला, जालंधरला फोन लावला अन् म्हणाले आठ दिवसांनी या. आठाचे बारा झाले पण बॉल आला. दोन आले, एक ७५० चा एक ११००, दोन्ही ५ नंबर साइज.

अन् इथं काका माझ्या नजरेत चढले. मी सहज म्हणलं की नियमात वजन ४१० ते ४६० ग्रॅम लागतं अन् लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, तर हा माणूस बॉल घेऊन शेजारच्या किराणा दुकानात! डाळीच्या काट्यावर ठेवला, बॉल घरंगळायला लागला म्हणून खाली स्टीलची वाटी ठेवून वाटीचं वजन वजा केलं, भरलं ४२८. लांबीला टेप समोरच्या टेलरकडून आणला, २९. मग हवा. नियमात दाब ९.५ ते १० पीएसआय आहे, तेवढ्यासाठी आम्ही पंक्चरवाल्याकडं गेलो तर त्याचा मीटर ट्रकच्या टायरचा, काटा जागचा हललाच नाही. पंक्चरवाला म्हणतो "ह्याच्यात हवाच नाही". शेवटी अंगठ्यानं दाबूनच ठरवलं. आजपर्यंत तसंच चालू आहे.

आता बॉलचं खरं. ११०० वाला चांगला आहे. वरचे दाणे बारीक अन् दाट, घामेजल्या हातातून निसटत नाही, लांब पास देताना फिरकी नीट लागते. पण आपलं मैदान म्हणजे खाली काळी माती वर मुरूम, पावसाळ्यात बुटाला किलोकिलोचा चिखल अन् मार्चनंतर हात जाईल एवढ्या भेगा. त्या मुरुमावर चार महिन्यात टोकाकडचे दाणे गुळगुळीत झाले, मधले शाबूत आहेत. इंग्लंडातल्या गवतावर दोन-तीन सीझन सहज गेला असता, त्यामुळं हा दोष बॉलचा नाही धरत. ७५० वाला मात्र नका घेऊ, दोन महिन्यात मधून फुगून पपई झाला, टप्पा कुठं पडेल ते टाकणाऱ्यालाच कळेना. किकच्या सरावाला ठेवलाय फक्त.

माऊथगार्ड १२० ला एक, पंधरा घेतले. उकळत्या पाण्यात टाकायचं, मऊ झालं की दातात दाबून धरायचं म्हणजे आपल्या दातांचा साचा बसतो. आम्ही ते मैदानाबाहेरच्या टपरीवर केलं, मामांनी चहाचंच पातेलं धुवून पाणी ठेवलं अन् नीट धुतलं नव्हतं बहुतेक, आमच्या प्रॉपचं (म्हणजे पुढच्या रांगेतला दांडगा गडी) माऊथगार्ड अजून आल्याचा वास मारतंय. माल मात्र ठीक, वर्षभरात एकच चिरलं.

आता जर्सी, म्हणजे एक स्टार गेला तो. २० सांगितल्या, ३८० ला एक, कापड जाड पाहिजे अन् खांद्याला डबल शिलाई पाहिजे हे तीनदा सांगितलं, वहीत लिहून पण घेतलं. आल्या त्या नेहमीच्या फुटबॉलच्या पातळ जर्सी. पहिल्याच मॅचला दोघांचे गळे बेंबीपर्यंत. त्यात नंबरांचा घोळ. पोरांनी परस्पर काकांना फोन करून आपापले नंबर सांगितले, कुणाला ७ पाहिजे धोनीचा, कुणाला १८, दोघांना ४५, अन् काकांनी तसे छापले पण! रग्बीत नंबर हौसेचा नसतो हो, जागेचा असतो, १ अन् ३ प्रॉप, २ हूकर, ९ स्क्रम-हाफ, १० फ्लाय-हाफ, १५ फुल-बॅक, १६ पासून पुढचे बदली. ४५ नंबरचा प्रॉप बघून बीडची पोरं जी हसत सुटली ती हाफटाइमपर्यंत हसत होती. चूक आमच्या पोरांची पण आहे मान्य, पण पैसे देणारा मी, मला एक फोन करायला काय जात होतं. परत जायचं म्हणजे ६० किलोमीटर, रविवारी दुकान बंद, म्हणजे एक रजा गेली. नंबर फुकट बदलून दिले, कापड काही बदललं नाही, वर म्हणले "इतकं ओढायचं कशाला राव".

ओढायचं म्हणाल तर त्याच्यावर वेगळाच इलाज सापडला. इंग्लंडात २०२३ पासून हौशी रग्बीत टॅकलची (बॉलवाल्याला धरून पाडायची) उंची खाली आणलीय, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर धरायचं नाही, डोक्याला मार लागू नये म्हणून. मावसभावानं सांगितल्यावर आम्ही पण तोच नियम लावला. डोक्यासाठीच लावला, पण तेव्हापासून एकही गळा फाटला नाही.

आता काकांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. बाहीवर "अ गट" छापा म्हणून मी सांगितलं होतं. काका म्हणाले "गट कशाला छापायलात, उद्या खाली गेलात तर?" मी त्यांना वरखाली प्रकरण समजावलं होतं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "म्हणजे अ तुकडीतून ब तुकडीत". बरोबर तेच. मी इंग्लंडातल्या लंडन वेल्श क्लबची गोष्ट पण सांगितली होती, २०१४-१५ ला सगळ्यात वरच्या लीगमध्ये २२ पैकी २२ मॅच हरले, खाली गेले, मग क्लबच दिवाळखोरीत गेला अन् २०१७ ला एकदम नवव्या पायरीवरून परत सुरुवात. काकांनी ते लक्षात ठेवलं अन् छापायच्या ऐवजी बाहीवर वेलक्रोची पट्टी शिवून दिली, अ चे तुकडे वेगळे ब चे वेगळे, २० रुपये जादा. मला तेव्हा राग आला होता, अजून सीझन सुरू नाही अन् हा माणूस आमचे ब चे तुकडे शिवायलाय!

झालं काय तर शेवटची मॅच आम्ही ५ पॉइंटनी हरलो. आमचं पॉइंटचं गणित इंग्लंडचंच आहे, जिंकलं की ४, बरोबरी २, चार ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडं जमिनीला टेकवला की एक ट्राय) टाकले की बोनस १, अन् ७ किंवा कमीनं हरलं तरी १. म्हणजे हरून एक मिळाला अन् क्षणभर वाटलं वाचलो. तिकडं परभणीवाल्यांनी शेवटच्या मिनिटाला चौथा ट्राय टाकून पाच घेतले. मोसंबीच्या फोडी तशाच डब्यात राहिल्या (इंग्लंडात हाफटाइमला संत्री वाटतात म्हणे, आमच्या जालन्यात मोसंबी असताना संत्री कोण घेतंय). टेम्पोत बसल्या बसल्या आमच्या कॅप्टननं कुणाला न सांगता स्वतःच्या बाहीवरचा अ काढला, चर्रर्र आवाज आला तेवढाच.

ट्रॉफीचं पण थोडक्यात. ट्रॉफ्या तिथंच मिळतात पण सगळ्यांच्या टोकावर बॅट धरलेला माणूस. रग्बीचा पुतळा येतच नाही म्हणले. मी त्यांना कलकत्ता कपचं सांगितलं, १८७८ ला कलकत्त्याचा रग्बी क्लब माणसं कमी झाली म्हणून बंद पडला तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले अन् कप केला, तीन नाग कड्या म्हणून अन् झाकणावर हत्ती, अजून इंग्लंड अन् स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात. काका म्हणाले "चांदीचा भाव माहितीय का आज?" अन् बॅटवाला काढून त्या जागी तारा बसवून दिला, ४५० रुपये. कोरलेलं नाव स्वच्छ आहे, "रग्बी" चं "रगबी" केलं नाही हेच खूप.

नवीन पोरांसाठी: २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, ते सात-सात जणांचं होतं, सहा फ्रँचायझी, त्यात वरखाली काही नाही. ती टीव्हीवर बघून आता काकांकडं बॉल विचारायला येतात म्हणे, त्यामुळं ११०० वाला एखाददुसरा दुकानात असतोच, बारा दिवस थांबायची गरज नाही. तरी फोन करून जा. दुपारी २ ते ४ काका जेवायला घरी जातात, गल्ल्यावर पुतण्या असतो अन् तो अजून लेसवालाच बॉल दाखवतो. जर्सी दुसरीकडून शिवून घ्या. अन् पंपाची सुई मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.