सांगलीतली सर्कस: झुला बघायला जा, निवेदन कानाआड करा

सर्कशीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही करणार आहे आणि ही माणसं पोटासाठी गावोगाव हिंडतात. मैदानावर तंबू दिसेलच.

तिकिटं दोनशे आणि चारशे. खुर्ची दोन्हीकडे तीच, प्लॅस्टिकची. दोनशेचं काढा. पुढच्या रांगेतून झुल्याची कामं बघताना मान अवघडते; मागून जाळीसकट सगळा पल्ला नजरेत येतो.

पैसे झुल्यावरच वसूल होतात. टाळ्या मिळतात हवेत कोलांटी मारणाऱ्याला, पण माझी नजर पलीकडच्या माणसावर. गुडघ्यांत दांडी अडकवून तो उलटा झुलत असतो आणि समोरून आलेली मनगटं नेमक्या क्षणी पकडतो. एक मुलगी हुकली, जाळीत पाठीवर पडली, उठून पुन्हा शिडी चढली. पहिल्यांदा मुद्दामच हुकतात असं आमचे आप्पा म्हणायचे. असेल. दुसऱ्या खेपेला सगळा तंबू ओरडला तो खोटा नव्हता.

मृत्युगोलात तीन मोटारसायकली होत्या. धूर फार, दमेकऱ्यांनी लांब बसावं. जोकर कामाचे गडी आहेत, मागे जाळी ताणून होईपर्यंत लोकांना धरून ठेवतात. बुटकेपणावरचे विनोद मात्र आता बंद करा. त्यातल्याच एकाने सैल तारेवर जे करून दाखवलं, त्याला विनोदाची गरजच नव्हती.

मागच्या रांगेतले एक आजोबा सारखे विचारत होते, "वाघ कधी?" वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवर 1998 च्या अधिसूचनेने बंदी आणली आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. मला त्याचं दुःख नाही. पण आजोबांची हळहळही समजते. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या पिंजऱ्यात वाघ-बिबळे खेळवत होते, ते ऐकत वाढलेली ती पिढी.

आता खरी तक्रार. निवेदक हिंदीत म्हणाला, "विदेश से आई हुई ये कला." विदेशातून आली हे खरं, पण हे सांगलीत म्हणायचं आणि पुढे एक अक्षर नाही? भारतीय सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, इथून तासाभराच्या आतलं गाव. गडी घोड्यांत मुरलेला आणि गाण्यातही. ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे शिकलेला. मुंबईत किअरिनी या इटालियनाची सर्कस पाहिली आणि 1880 साली स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली. पुढे हद्दू खाँचा मुलगा रहिमत खाँ यांना विष्णुपंतांनीच सांभाळलं. एवढा मोठा गवय्या सर्कशीच्या मुक्कामांतून हिंडत होता! पाठोपाठ म्हैसाळचे देवल, कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी. या एका जिल्ह्यातून किती तंबू निघाले.

खेळ सुटल्यावर मॅनेजरना गाठलं. ते केरळातल्या तलश्शेरीचे. कीलेरी कुन्हिकण्णन यांचं नाव काढताच खुलले: त्यांच्याच गावी कीलेरींनी 1901 साली सर्कशीची शाळा काढली, केरळची झुल्यावरची माणसं तिथून घडली. मी म्हटलं, छत्र्यांची सर्कस तलश्शेरीला आली नसती तर कीलेरींची आणि तिची गाठ कुठून पडली असती? छत्रे त्यांना ठाऊक होते, पण ते इथले, हे नव्हतं. "मॅडम, चार ओळी हिंदीत लिहून द्या, निवेदकाला देतो," म्हणाले. तिकिटाच्या पाठीवर लिहून दिल्या.

शनिवारच्या खेळाला कुणी जाणार असाल तर निवेदकाने त्या वाचल्या का, तेवढं कळवा.